दीर्घ क्रमशः कादंबरी: दर्जा आणि बांधणी शेवटपर्यंत सांभाळण्याची कार्यपद्धती

लाख-दीड लाख शब्दांच्या पुढे गेलेली क्रमशः कादंबरी ढासळू लागते, तेव्हा दोष बहुधा भाषेत नसतो. सतत लिहीत राहिल्यामुळे लेखकाचा हात शंभराव्या भागापर्यंत पहिल्या भागाहून सफाईदारच झालेला असतो. बिघडतो तो हिशोब. दहाव्या भागात मोठ्या गूढपणे आणलेले पत्र साठाव्या भागापर्यंत कोणालाच आठवत नाही, खलनायकाला जे कळणे शक्यच नव्हते ते ठाऊक असल्यासारखा तो वागू लागतो, नायिकेचे वय एका हिवाळ्यात तीन वर्षांनी वाढते, आणि मधले तीस भाग वाचून झाल्यावरही गोष्ट होती तिथेच उभी असते. पूर्ण पुस्तक लिहून मग छापणाऱ्याला हे सारे शेवटच्या खर्ड्यात दुरुस्त करता येते. क्रमशः लिहिणाऱ्याचा प्रत्येक भाग मात्र वाचकाच्या हाती गेलेला असतो आणि तो परत घेता येत नाही. म्हणून पुढील कार्यपद्धती दोन गोष्टींवर उभी केली आहे. बांधणीचे एकक म्हणून एकटा भाग किंवा अख्खी कादंबरी न धरता त्यांच्या मधले ‘पर्व’ धरावे, आणि वाचकाला दिलेल्या प्रत्येक शब्दाची लेखी नोंद ठेवावी.

पहिला भाग लिहिण्यापूर्वी

सर्वांत आधी साधी आकडेमोड करावी. ३ लाख शब्दांची कादंबरी २,००० शब्दांच्या भागांत लिहायची म्हटले तर १५० भाग होतात. आठवड्याला दोन भाग दिले तर ७५ आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. एकच दिला तर जवळजवळ तीन वर्षे. हा आकडा डोळ्यांसमोर असला की दोन निर्णय आपोआप गंभीरपणे घेतले जातात: इतका काळ आपल्याला धरून ठेवील असा विषय आपल्याकडे आहे का, आणि आठवड्याला किती भाग द्यायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्साहाच्या आठवड्यावरून न ठरवता कामाच्या सर्वांत वाईट आठवड्यावरून ठरवावे, कारण वाचक कमी भाग सहन करतो, अनियमित भाग करत नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप रोजच्या पानांची नोंद दैनंदिनीत ठेवत असे आणि घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. तो वेग कोणी अनुकरणासाठी घेऊ नये, नोंदीची सवय मात्र अवश्य घ्यावी. आपला खरा वेग ठाऊक असल्याशिवाय वेळापत्रक आखणे हे केवळ इच्छाचिंतन ठरते.

शेवटाबद्दल सल्ले दोन टोकांचे मिळतात. काहींच्या मते प्रत्येक प्रसंग आधी आखलेला असावा, तर काहींच्या मते पात्रे नेतील तिकडे जावे. दीर्घ क्रमशः लेखनात दोन्ही टोके तोट्याची आहेत. पूर्ण आराखडा पन्नासाव्या भागापर्यंत जुना होतो, कारण तोवर पात्रे लेखकाने कल्पिली होती त्याहून वेगळी झालेली असतात, आणि आराखडाच नसेल तर गोष्टीला मध्य सापडत नाही. आधी फक्त तीन गोष्टी पक्क्या असाव्यात: मध्यवर्ती प्रश्न, त्याचे उत्तर, आणि त्या उत्तरासाठी मुख्य पात्राला मोजावी लागणारी किंमत. या लेखात उदाहरणासाठी एक काल्पनिक कथा घेऊ: सुमित्रा नावाची तरुणी बेपत्ता झालेल्या वडिलांचा शोध घेते आहे. प्रश्न असा की वडील का गेले. उत्तर असे की ते स्वेच्छेने गेले आणि काकाला ते ठाऊक होते. किंमत अशी की सत्य कळल्यावर सुमित्राला काकाचे घर, म्हणजे तिला उरलेले एकमेव घर, सोडावे लागते. एवढे ठरले की रस्ता मोकळा ठेवता येतो.

शेवटचा प्रसंग ओबडधोबड स्वरूपात पाचशे शब्दांत लिहून बाजूला ठेवावा. तो पुढे बहुधा बदलेल, पण लिहिताना आपण कशाच्या दिशेने निघालो आहोत याची ती एकमेव लेखी खूण असते. शिवाय कादंबरी अर्धवट राहण्याचा धोका खरा आहे. क्रमशः कादंबऱ्या लिहिणारा इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स जून १८७० मध्ये वारला तेव्हा त्याच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या रहस्यकादंबरीचे नियोजित १२ पैकी सहाच मासिक अंक पूर्ण झाले होते आणि रहस्याची उकल त्याने कुठेही स्पष्ट लिहून ठेवलेली नव्हती; त्यावरचे तर्क अजून संपलेले नाहीत.

पर्व: बांधणीचे खरे एकक

एक भाग इतका लहान असतो की त्यात मोठा बदल मावत नाही, आणि पूर्ण कादंबरी इतकी मोठी असते की लिहिताना ती एकावेळी मनात धरता येत नाही. म्हणून १२ ते २० भागांचे, साधारण २४ ते ४० हजार शब्दांचे पर्व कल्पावे. वरच्या हिशोबातली १५० भागांची कादंबरी म्हणजे १५ भागांची १० पर्वे. एवढा आवाका एका छोट्या कादंबरिकेइतका असतो, आणि तेवढा कोणत्याही सराईत लेखकाला नीट पेलतो.

प्रत्येक पर्वाला स्वतःचा प्रश्न हवा, आणि तो त्याच पर्वात सुटायला हवा. सुमित्राच्या कथेत पहिल्या पर्वाचा प्रश्न ‘वडील जिवंत आहेत का’ असा असू शकतो आणि पर्वाच्या शेवटी ‘आहेत’ हे कळू शकते. नवखा लेखक हे उत्तर साठाव्या भागापर्यंत दाबून ठेवतो, कारण उत्तर दिले तर गोष्ट संपेल अशी त्याला भीती वाटते. प्रत्यक्षात चांगले उत्तर अधिक अवघड प्रश्न उभा करते: जिवंत आहेत, तर मग परतत का नाहीत? मध्यवर्ती रहस्य न फोडताही वाचकाला दर पर्वाला काहीतरी पूर्ण मिळाले पाहिजे, हा या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे असे मी मानतो.

पर्व सुरू करण्यापूर्वी एका पानावर पाच नोंदी कराव्यात: या पर्वाचा प्रश्न कोणता, शेवटी कोणती गोष्ट अशी बदलेल की ती पुन्हा पूर्ववत होणार नाही, कोणत्या दोन माणसांमधले नाते पालटेल, मागच्या पर्वांतल्या कोणत्या गोष्टी इथे मिटतील, आणि कोणत्या नव्या उघडतील. दुसऱ्या नोंदीचे उत्तर सापडत नसेल तर ते पर्व लिहू नये. पात्रे प्रवास करतात, भांडतात, एखाद्या संकटातून सुटतात आणि शेवटी सारे पूर्वीसारखे होते, अशी पर्वे लिहायला सोपी आणि वाचायला मजेदारही असतात. पण सलग अशी दोन आली की वाचकाला कळून चुकते की आता काही घडणार नाही, आणि तो न सांगता निघून जातो.

कादंबरीच्या मध्यावर, म्हणजे साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या टप्प्यात, ही शिथिलता हमखास येते. त्यावर उपाय म्हणून बहुतेक लेखक संकटाचा आकार वाढवतात: आधी घर धोक्यात, मग गाव, मग सारे जग. दोन-तीन वेळा हे केले की पुढे वाढवायला काही उरत नाही आणि आधीची संकटे पोरकट वाटू लागतात. आकाराऐवजी प्रकार बदलावा. सुमित्राला पहिल्या दोन पर्वांत बाहेरच्या माणसांची भीती असेल, तर तिसऱ्यात तिला स्वतःच्या आठवणीबद्दल शंका येऊ द्यावी आणि चौथ्यात ज्याच्यावर ती विसंबून आहे त्याला तिच्यामुळेच इजा होऊ द्यावी. धोका शारीरिक, नैतिक, आर्थिक, नात्यांतला असा पालटत राहिला तर तो मोठा न होताही तीव्र राहतो.

दोन पर्वांच्या मध्ये एक शांत भाग ठेवावा, ज्यात नवे संकट येत नाही आणि झालेल्या बदलाचे परिणाम पात्रांवर उतरताना दिसतात. अनेक लेखक घाईत हाच भाग गाळतात, आणि मग मृत्यू, फसवणूक, ताटातूट या सर्वांचा परिणाम दोन परिच्छेदांत ओसरलेला दिसतो.

नोंदवही

आर्थर कॉनन डॉयलच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७) शेरलॉक होम्सचा साथीदार डॉक्टर वॉटसन याला लागलेली गोळी खांद्यात आहे, ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) तीच जखम पायात आहे. दोन कादंबऱ्यांत जर हे होऊ शकते, तर दीडशे भागांत काय होईल याची कल्पना करता येते. स्मरणशक्तीवर विसंबून कोणीही एवढे मोठे काम करू नये.

नोंदवही कागदाची असो वा संगणकावरचा तक्ता असो, त्यातली प्रत्येक नोंद भाग क्रमांकासह असावी आणि भाग पूर्ण झाला त्याच दिवशी करावी. आठवड्यानंतर करू म्हटलेली नोंद होत नाही. पात्रांच्या पानावर वय न लिहिता जन्मवर्ष लिहावे, म्हणजे कथेतला काळ पुढे गेला तरी हिशोब चुकत नाही. रूप, जुनी दुखणी, बोलण्याच्या लकबी, कोणत्या हाताने लिहितो, कशाचा तिटकारा आहे, असे जे जे मजकुरात एकदा आले ते टिपावे. जे मजकुरात आलेले नाही ते टिपण्यात वेळ घालवू नये. पात्रांचे पन्नास प्रश्नांचे चरित्र आधी भरून ठेवण्याची पद्धत मला निरुपयोगी वाटते, कारण त्यातले बहुतेक कधीच कथेत येत नाही आणि जे येते ते आधी भरलेल्या माहितीशी विसंगत निघते.

काळाचा तक्ता स्वतंत्र असावा: कथेतली तारीख, वार, ऋतू, आणि त्या दिवशी कोण कुठे होते. गरोदरपण, जखम भरून येणे, परीक्षा, खटला, चंद्राच्या कला अशा ठरलेल्या गतीने चालणाऱ्या गोष्टी या तक्त्यावरच पकडता येतात. ठिकाणांचा एक कच्चा नकाशा आणि दोन ठिकाणांमधला प्रवासाचा वेळ एवढे पुरते. महत्त्वाच्या वस्तूंची यादीही हवी: वडिलांचे पत्र सध्या कोणाकडे आहे, किल्ली कोणी हरवली.

सर्वांत जास्त चुका ज्या तक्त्याअभावी होतात तो म्हणजे ‘कोणाला काय ठाऊक आहे’ हा तक्ता. उभ्या रकान्यांत पात्रे, आडव्या ओळींत कथेतली गुपिते, आणि प्रत्येक चौकटीत ते गुपित त्या पात्राला ज्या भागात कळले त्याचा क्रमांक. चौकट रिकामी असेल तर ते पात्र त्या गुपिताच्या आधारे काहीही करू शकत नाही. रहस्यकथेसाठी हा तक्ता अनिवार्य आहेच, पण कौटुंबिक कादंबरीतही त्याचा तितकाच उपयोग होतो, कारण घरातले निम्मे नाट्य कोणाला काय माहीत नाही यावरच चालते. शिवाय या तक्त्याकडे पाहून पुढचे प्रसंग सुचतात. एका ओळीत एकच चौकट रिकामी दिसली, की त्या माणसाला ते कळण्याचा प्रसंग लिहिणे बाकी आहे हे लक्षात येते.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक पान लागते, ते संबोधनांचे. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘तुम्ही’ म्हणतो, कोण नावाने हाक मारतो आणि कोण नात्याने, हे प्रत्येक जोडीसाठी लिहून ठेवावे, आणि ते ज्या भागात बदलले तो क्रमांकही लिहावा. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे ही नात्यातली घटना असते. ती नजरचुकीने चाळिसाव्या भागात घडली आणि पंचेचाळिसाव्यात पुन्हा ‘तुम्ही’ आले, तर वाचक त्यात नसलेला अर्थ शोधत बसतो. त्याच पानावर लेखनाचे नियम असावेत: ‘सुमित्राला’ लिहायचे की ‘सुमित्रेला’, आकडे अंकांत की अक्षरांत, संवाद एकेरी अवतरणात की दुहेरी. नावांना विभक्तीप्रत्यय लागतात, त्यामुळे मागचा मजकूर शोधताना पूर्ण नावाऐवजी ‘सुमित्र’ एवढाच मूळ भाग शोधावा, म्हणजे दोन्ही रूपे सापडतात. त्यासाठी प्रकाशित झालेला सारा मजकूर क्रमाने एकाच फाईलमध्ये ठेवणे सोयीचे. नवे पात्र आणताना नावाचे पहिले अक्षर आधीच्या प्रमुख पात्रांहून वेगळे असेल असे पाहावे. सुमित्रा, सुनंदा आणि सुलभा एकाच घरात राहत असतील तर आठवड्याने परतणारा वाचक गोंधळणारच.

दिलेल्या शब्दांची उधारी

मजकुरात एखादी गोष्ट ठळकपणे आली की ती वाचकाकडे उधारी म्हणून नोंदली जाते. बंद कपाटाचा उल्लेख, कोणी अर्धवट सोडलेले वाक्य, ‘याची किंमत तुला मोजावी लागेल’ अशी धमकी, दोन पात्रांमध्ये निर्माण केलेली ओढ, हे सारे फेडायचे असते. त्यासाठी वेगळी वही करावी आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहाव्यात: काय उघडले, कोणत्या भागात, ते किती मोठे आहे, आणि अंदाजे कोणत्या पर्वात मिटवायचे. मिटले की भाग क्रमांक लिहून रेघ मारावी.

लहान उधारी पाच-सात भागांत फेडावी, कारण तिचे वजन तेवढेच असते. मोठी उधारी लांबवायची असेल तर ती अधूनमधून जागी करावी लागते. आठवड्याला एक भाग वाचणाऱ्यासाठी २० भाग म्हणजे जवळजवळ पाच महिने, आणि पाच महिन्यांपूर्वीचा बारकावा लक्षात ठेवण्याचे बंधन वाचकावर नाही. ही आठवण ‘तिला ते पत्र आठवले’ अशा वाक्याने दिली तर ती निर्जीव वाटते. काकाने कपाट आवरताना एक पाकीट पटकन खिशात टाकले आणि सुमित्राने ते पाहून न पाहिल्यासारखे केले, तर पत्राची आठवण होते, काकाबद्दलचा संशय वाढतो आणि सुमित्राचा स्वभावही दिसतो. आठवण देणाऱ्या प्रसंगाने काहीतरी पुढेही नेले पाहिजे.

दर पर्वाच्या शेवटी या वहीतल्या उघड्या ओळी मोजाव्यात. पहिल्या तृतीयांशात त्या वाढणे साहजिक आहे, मधल्या तृतीयांशात त्या साधारण स्थिर राहाव्यात, शेवटच्या तृतीयांशात कमी होत जाव्यात. मधल्या टप्प्यात संख्या वाढतच असेल तर लेखक कंटाळा टाळण्यासाठी नवी दारे उघडतो आहे असे समजावे आणि पुढच्या पर्वात एकही नवी गोष्ट न उघडण्याचा नियम स्वतःवर घालावा. एखादा धागा सोडून द्यायचा ठरवला तरी तो कथेतच मिटवावा लागतो. एका छोट्या प्रसंगात त्याचे साधे, निरुपद्रवी उत्तर दिले तरी चालते. लेखक विसरला अशी शंका वाचकाला एकदा आली की पुढच्या प्रत्येक गूढाकडे तो त्याच नजरेने पाहतो.

एका भागाची घडण

डिकन्सचा दाखला या विषयात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, कारण त्याचे कामाचे कागद टिकून राहिले आहेत. ‘डॉम्बी अँड सन’पासून (१८४६) तो प्रत्येक मासिक अंकासाठी एक कागद करीत असे. डाव्या अर्ध्या भागात स्वतःलाच विचारलेले प्रश्न आणि सुचलेल्या कल्पना असत, आणि पुष्कळ प्रश्नांपुढे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अजून नको’ असे उत्तर असे. उजव्या भागात त्या अंकातल्या प्रकरणांचा तपशील असे. ‘अजून नको’ हे उत्तर मला विशेष शिकण्यासारखे वाटते. एखादे पात्र या भागात आणायचे नाही हा निर्णय लिहून ठेवला, की ते पुढच्या वेळी विसरले जात नाही.

असाच अर्धा पानभर कागद प्रत्येक भागासाठी करावा आणि लिहिण्यापूर्वी एक कसोटी लावावी: हा भाग काढून टाकला तर पुढे काय कळेनासे होईल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर त्यातले जे चांगले असेल ते शेजारच्या भागात घालून भाग रद्द करावा. भागाच्या पहिल्या शंभर शब्दांत कोण, कुठे, केव्हा हे स्पष्ट व्हावे, कारण वाचक मध्ये आठवडाभर वेगळ्याच जगात होता.

शेवटाबाबत मात्र क्रमशः लेखकांना एक वाईट सवय लागते. प्रत्येक भाग धक्क्यावर किंवा अर्धवट वाक्यावर संपवला की काही आठवडे वाचक टिकतात, नंतर त्यांना ती युक्ती कळते. दार उघडले आणि समोर... असा शेवट करून पुढच्या भागात समोर फक्त शेजारी निघाला, तर ती सरळ फसवणूक आहे. भाग संपवण्याच्या रीती अनेक आहेत: पात्राने घेतलेला निर्णय, मिळालेली माहिती, नव्याने दिसलेले नाते, पुरे झालेले काम, किंवा काही वेळ थांबू देणारी निवांत ओळ. मागच्या दहा भागांचे शेवट एकेका शब्दात लिहून पाहावेत. सलग तीन एकाच प्रकारचे दिसले तर चौथा बदलावा.

दृष्टिकोनांची संख्याही इथेच आटोक्यात ठेवावी लागते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून सुमारे तीन वर्षे चालली, आणि एवढ्या लांबीला एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे नायिका यमूचा एकच आत्मकथनी आवाज. अनेक दृष्टिकोन वापरायचेच असतील तर तीन-चारांच्या पुढे जाऊ नये, आणि एखादे पात्र दहा भाग गायब राहणार असेल तर त्याच्या शेवटच्या प्रसंगात ते काही काळ दिसणार नाही याचे कारण असावे.

साठा आणि पुनर्वाचन

पहिला भाग देण्यापूर्वी किमान पहिले पर्व संपूर्ण लिहून झालेले असावे आणि त्यानंतरही निदान सहा-आठ भाग हाताशी राहावेत. पूर्ण कादंबरी लिहून झाल्याशिवाय तिचा कोणताही अंश छापायला देऊ नये, असे ट्रोलपचे मत होते. ‘फ्रॅम्ली पार्सोनेज’च्या वेळी (१८६०) त्याने स्वतःच तो नियम मोडला. आज पूर्ण कादंबरी आधी लिहून ठेवणे बहुतेकांना शक्य नसले तरी त्यामागचा तर्क खरा आहे. साठा आजारपणासाठी उपयोगी पडतोच. मे १८३७ मध्ये मेहुणी मेरी होगार्थच्या अकाली मृत्यूनंतर डिकन्सला ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या दोन्ही चालू लेखनांत एकेक महिन्याचा खंड पाडावा लागला, कारण हाताशी मजकूर शिल्लक ठेवण्याची त्याची रीत नव्हती. पण साठ्याचा त्याहून मोठा फायदा बांधणीचा आहे: पर्वाचा शेवट लिहून झाल्यावर त्याच पर्वाच्या पहिल्या भागात परत जाऊन खुणा पेरता येतात.

पर्व संपले की ते सलग वाचावे, शक्यतो छापून किंवा वेगळ्या पडद्यावर. तीन पर्वे झाली की सुरुवातीपासून सारे वाचावे, त्यासाठी आठवडाभर लेखन थांबवावे लागले तरी चालेल. या वाचनात प्रत्येक भागाचा पन्नास शब्दांत सारांश लिहावा. पुढे तोच संदर्भासाठी सर्वाधिक उपयोगी ठरतो. याच वेळी भाषेचे चाळे पकडावेत. प्रत्येक लेखकाचे काही आवडते शब्द असतात आणि लांब लेखनात ते उघडे पडतात: कोणीतरी सतत उसासा टाकते, डोळे पाणावतात, ‘क्षणभर’ शांतता पसरते, सगळेजण किंचित हसतात. या शब्दांची यादी करून पूर्ण मजकुरात त्यांची संख्या शोधावी. आकडा पाहिल्यावर वेगळी शिस्त लावावी लागत नाही.

प्रकाशित झालेल्या भागांतले बदल आणि वाचकांचे म्हणणे

मुद्रणदोष, चुकीचा वार, अदलाबदल झालेले नाव हे गुपचूप दुरुस्त करावे. घटनेत किंवा पात्राच्या ज्ञानात बदल असेल तर तो मागे जाऊन करू नये, कारण जुन्या वाचकाच्या डोक्यात जुनीच कथा राहते. अशा वेळी विसंगतीला कथेतच कारण द्यावे: सांगणारा खोटे बोलला, त्याला चुकीचे सांगितले गेले होते, किंवा त्याला तसे आठवत होते. ही युक्ती एका कादंबरीत एक-दोनदाच वापरता येते.

वाचकांच्या प्रतिक्रियांतून दोन प्रकारची माहिती येते. ‘मला इथे समजले नाही’, ‘मधले चार भाग कंटाळवाणे झाले’, ‘ही व्यक्ती कोण होती ते आठवेना’ ही माहिती जवळजवळ नेहमी खरी असते आणि ती गंभीरपणे घ्यावी. ‘आता असे घडू दे’ ही सूचना असते, आणि तिच्यामागे कोणते असमाधान आहे तेवढेच पाहावे. ‘मार्टिन चझलविट’ची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होऊ लागली तेव्हा १८४३ मध्ये डिकन्सने नायकाला अचानक अमेरिकेला पाठवले, विक्री थोडीशीच वाढली, आणि कादंबरीला एक बाजूला लटकलेला विभाग मिळाला. वाचकांपैकी कोणी रहस्य ओळखले म्हणून ते बदलणे हीही तशीच घाई आहे. ज्याने खुणा लक्षपूर्वक वाचल्या त्याला ते ओळखता आले, म्हणजे खुणा योग्य ठिकाणी पडल्या आहेत.

शेवटाकडे वळताना

शेवटच्या तृतीयांशात नवे पात्र आणि नवे रहस्य आणायचे नाही, आणि कथेने आधी दाखवलेली नाही अशी कोणतीही शक्ती, संपत्ती किंवा ओळख शेवटी कामी येऊ द्यायची नाही. शेवटचे पर्व उधारीच्या वहीवरून आखावे. उघड्या ओळी आकाराप्रमाणे लावाव्यात, लहान आधी मिटवाव्यात आणि मध्यवर्ती प्रश्न सर्वांत शेवटी; पण सारे एकाच भागात कोंबू नये. सुमित्राला वडिलांचे कारण कळणे, काकाला जाब विचारणे आणि घर सोडणे हे तीन वेगळे भाग आहेत, आणि प्रत्येकाला आपला वेळ मिळायला हवा. सुरुवातीला लिहून ठेवलेला शेवटचा प्रसंग आता काढून वाचावा. तो चालत नसेल तर कथेने किंमत बदलली आहे असे समजावे, आणि नवी किंमत कोणती हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थकव्यामुळे शेवटची पर्वे आखूड करण्याचा मोह फार मोठा असतो. दीडशे भाग वाचलेल्या माणसाला शेवट घाईत दिला तर त्याला आधीचे सारेच वाया गेल्यासारखे वाटते, म्हणून थकवा जाणवत असेल तर भागांची लांबी तीच ठेवून दोन भागांमधले अंतर वाढवावे आणि ते वाचकांना आधी सांगावे.

कादंबरी पूर्ण झाल्यावर ती पुस्तकरूपात आणायची असेल तर वेगळे संपादन लागते. आठवड्याने परतणाऱ्यासाठी घातलेल्या आठवणी सलग वाचताना पुनरुक्ती वाटतात, भागांच्या सुरुवातीची ‘कोण, कुठे, केव्हा’ची वाक्ये जड होतात, आणि भागांच्या शेवटचे ताण लागोपाठ आले की कृत्रिम दिसतात. उधारीच्या वहीत ज्या ज्या भागात आठवण दिली त्याची नोंद असेल, तर यातला बराच मजकूर शोधून काढणे एका बैठकीचे काम होते.